लाखांदूर या शब्दाची लांबी

छंदःशास्त्राच्या विद्यार्थ्यासमोर 'लाखांदूर' हा शब्द ठेवला, तर तो मोजण्यास त्याला फारसा वेळ लागणार नाही. अक्षरे चार : ला, खां, दू, र. पहिली तीन गुरू, शेवटचे लघू. म्हणजे एक मगण आणि वर एक लघू. मात्रा मोजल्या तर दोन, दोन, दोन आणि एक, अशा सात. भाषाशास्त्राचा विद्यार्थी यावर एक हरकत घेईल. मराठी उच्चारात शेवटचा 'र' पूर्ण उच्चारला जात नाही, तेव्हा बोलताना अवयव तीनच पडतात, असे तो म्हणेल. तीन, चार आणि सात ही तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण प्रत्येक उत्तरामागे मोजमापाचे एकक वेगळे आहे आणि ते एकक कोणते, हे मोजणाऱ्याला ठाऊक आहे.

हाच शब्द संगणकाच्या टर्मिनलवर, म्हणजे जेथे चित्रे आणि खिडक्या नसून केवळ अक्षरांच्या ओळींनी आज्ञा द्यावयाच्या असतात तेथे, मोजला असता आणखी तीन उत्तरे मिळतात : आठ, चोवीस आणि सहा. यांपैकी कोणते मिळेल, हे टर्मिनलच्या आणि त्याभोवतीच्या व्यवस्थेच्या मांडणीवर अवलंबून असते. ही मांडणी कमांड लाइनवरूनच पाहता आणि बदलता येते. साहित्याच्या अभ्यासकाने या रुक्ष वाटणाऱ्या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न कोणी करील. आमचे उत्तर असे की, या मांडणीचा इतिहास हा लिपीविषयीच्या गृहीतकांचा इतिहास आहे, आणि आज मराठीतील कोश, सूची, संहिता आणि दप्तरे ज्या यंत्रांत साठवली जातात, त्या यंत्रांनी ही गृहीतके वारसाहक्काने घेतलेली आहेत.

कागदावर खोडता न येणारे यंत्र

युनिक्स ही प्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत आकारास येऊ लागली, तेव्हा संगणकाशी बोलण्याचे साधन पडदा नव्हता. ते टेलिप्रिंटरसारखे यंत्र होते. टेलिटाइप कंपनीचे १९६३ मधील 'मॉडेल ३३' हे त्यांतले सर्वांत परिचित. ते सेकंदाला दहा अक्षरे कागदाच्या गुंडाळीवर उमटवी, एका ओळीत बहात्तर अक्षरे बसवी आणि रोमनमधील केवळ मोठी अक्षरेच त्याला ठाऊक असत. 'टेलिटाइप' या नावाचाच संक्षेप 'टीटीवाय'. पुढे यंत्र गेले, कागद गेला. पण युनिक्सच्या वंशातील प्रत्येक प्रणालीत टर्मिनलला आजही 'टीटीवाय' म्हणतात. त्याची मांडणी ठरविणारी आज्ञा 'एसटीटीवाय' ही १९७२ च्या सुमारास युनिक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत आली आणि अजून नांदते आहे.

या आज्ञेला 'सर्व दाखव' असा पर्याय दिला की पडद्यावर काही डझन संक्षेपांची यादी येते. ही यादी म्हणजे एक प्रकारचा शिलालेखच. कोणत्या वेगाने अक्षरे जावीत, एका अक्षराला सात बिटे की आठ, टंकलेले अक्षर परत दाखवावे की नाही, ओळ कोठे संपली असे मानावे, आणि चुकलेले अक्षर कोणत्या कळीने पुसावे, अशा प्रश्नांची उत्तरे तीत नोंदलेली असतात. यांतील बरीच उत्तरे जुन्या यंत्रांच्या मर्यादांतून आलेली आहेत. कागदावर उमटलेले अक्षर मागे घेता येत नाही. म्हणून आरंभीच्या युनिक्समध्ये 'मागचे अक्षर रद्द' असे सांगण्यासाठी पौंडासारखी वापरली जाणारी आडव्या-उभ्या रेघांची खूण टंकीत, आणि पूर्ण ओळ रद्द करावयाची तर आजच्या ईमेल पत्त्यात असते ती 'ॲट'ची खूण. कागदावर चूकही राहत असे आणि खोडल्याची खूणही. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेचा सराव असलेल्या वाचकाला ही पद्धत परकी वाटणार नाही.

या यादीतील काही नावे मोठी बोलकी आहेत. टर्मिनलने टंकलेली ओळ आधी स्वतः नीटनेटकी करून मग प्रोग्रॅमकडे द्यावी, या स्थितीला 'शिजवलेली' म्हणतात. प्रत्येक कळ जशीच्या तशी पुढे सरकवावी, या स्थितीला 'कच्ची'. क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांच्या १९६४ च्या ग्रंथाचे शीर्षक येथे आठवेल, पण तो संबंध जोडण्याचे कारण नाही. मांडणी बिघडून टर्मिनल असंबद्ध खुणा दाखवू लागले, तर ते पूर्ववत करणाऱ्या पर्यायाला 'सेन' असे नाव आहे, म्हणजे 'शुद्धीवर ये'. मात्र ही शुद्ध कोणाची, हा प्रश्न विचारणे आम्हांस आवश्यक वाटते. कारण ज्या स्थितीला शहाणपणाची स्थिती मानले गेले, तीत एक अक्षर म्हणजे एक कळ, एक बाइट आणि पडद्यावरचा एक चौकोन हे समीकरण गृहीत होते. रोमन लिपीसाठी ते बिनचूक ठरले. देवनागरीसाठी ते कधीच खरे नव्हते.

चौकोनापूर्वीचा वाद

देवनागरीला चौकोनात बसविण्याचा प्रश्न संगणकाने निर्माण केला, असे मात्र नव्हे. १८०५ मध्ये श्रीरामपूरला विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले गेले, तेव्हापासून हा प्रश्न मराठी मुद्रणाच्या पाठीस लागलेला आहे. काना अक्षराच्या उजवीकडे, वेलांटी एकदा डावीकडे तर एकदा उजवीकडे, मात्रा व अनुस्वार शिरोरेषेच्या वर, उकार खाली, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. आणि जोडाक्षरांचे आकार तर मोजावे तितके. १८६९ मध्ये जावजी दादाजी यांनी मुंबईत स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरीचे जे देखणे रूप घडविले, त्यामागे शेकडो खिळ्यांचा संच आणि तो हाताळणाऱ्या जुळाऱ्यांचे कसब होते. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या घटविण्याचा उद्योग केला. सावरकरांच्या लिपिशुद्धीने 'अ'चीच बाराखडी करून स्वरचिन्हांची संख्या कमी करावी, असे सुचविले. यंत्रासाठी लिपी बदलावी की लिपीसाठी यंत्र, हा वाद मराठीत एका शतकाहून जुना आहे.

टंकलेखन यंत्राने त्यात एक मधला मार्ग काढला. देवनागरी यंत्रांवर काही कळा 'अचल' असत. त्या दाबल्या की खूण उमटे, पण कागदाचा गाडा पुढे सरकत नसे. त्यामुळे उकार, अनुस्वार यांसारखी चिन्हे शेजारच्या अक्षराच्याच जागेत जाऊन बसत. अर्ध्या अक्षरांच्या कळा वेगळ्या असत आणि त्यांना काना जोडून पूर्ण अक्षर केले जाई. तालुक्याच्या गावी टंकलेखन शिकलेल्या पिढ्यांच्या बोटांना हे ज्ञान होते की, काही खुणा जागा घेतात आणि काही घेत नाहीत. पुढे टर्मिनलला नेमके हेच शिकवावे लागले, आणि ते शिक्षण अजून पुरे झालेले नाही.

कानपूर ते पुणे

पडद्यावरच्या टर्मिनलचा आदर्श डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या १९७८ मधील 'व्हीटी १००'ने घालून दिला. त्याच्या चोवीस ओळी आणि प्रत्येक ओळीत ऐंशी घरे. हा ऐंशीचा आकडा आयबीएमच्या १९२८ मधील छिद्रपत्रांपासून चालत आलेला होता. या चौकटीत भारतीय लिपी आणण्याचा गंभीर प्रयत्न १९८० च्या दशकाच्या आरंभी आयआयटी कानपूर येथे झाला. आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखालील त्या कामात मोहन तांबे यांचा वाटा मोठा होता. या तंत्रज्ञानाला मिळालेल्या 'जिस्ट' या संक्षेपाचा विस्तार आरंभी 'ग्राफिक्स अँड इंडियन स्क्रिप्ट टर्मिनल' असा केला जाई. म्हणजे भारतीय भाषांच्या संगणकीकरणाच्या या महत्त्वाच्या प्रकल्पाच्या नावातच टर्मिनल आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि जिस्टचे काम तेथे गेले.

त्या कामामागील विचार असा होता की, साठवण उच्चाराच्या क्रमाने व्हावी आणि आकार कसा दिसावा हे दाखविणाऱ्या यंत्राने ठरवावे. 'कि' लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण उच्चारात 'क' आधी. म्हणून साठवणीतही 'क' आधी. हाच विचार इनस्क्रिप्ट कळफलकात आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारलेल्या 'इस्की' या सांकेतिक लिपीत उतरला. इस्कीने रोमन अक्षरांना हात न लावता आठ बिटांच्या वरच्या अर्ध्या भागात भारतीय वर्ण बसविले. एकच वर्णमाला ठेवून लिपी कोणती दाखवावयाची, हे सांगणारी एक नियंत्रक खूण तीत होती. तिच्यापुढे एक ठराविक बाइट दिला की तोच मजकूर देवनागरीऐवजी दुसऱ्या भारतीय लिपीत दिसावा, अशी योजना होती. टर्मिनलला आज्ञा देण्याची जुनी रीत येथे लिपीच्या सेवेस लावलेली दिसते.

इस्कीत 'लाखांदूर' आठ बाइटांचा होतो : ल, काना, ख, काना, अनुस्वार, द, दीर्घ उकार, र. परंतु टर्मिनलच्या मांडणीत एक जुना पर्याय असा आहे की, येणाऱ्या प्रत्येक बाइटचे आठवे बिट कापून टाकावे. सात बिटांच्या इंग्रजी जगात तो निरुपद्रवी होता. तो चालू असताना इस्कीतील 'लाखांदूर' पाठविला, तर पलीकडे पोहोचते ते असे : क्यू, झेड, चारचा आकडा, झेड, एक अवतरणचिन्ह, डी, टोपीसारखी एक खूण आणि ओ. गावाचे नाव नाहीसे होते आणि त्याच्या जागी आठ निरर्थक चिन्हे उरतात. संगणकाच्या दृष्टीने येथे काहीही चुकलेले नसते, केवळ आज्ञेचे पालन झालेले असते. उपाय एका ओळीचा आहे. आठ बिटे ठेव आणि कापू नकोस, असे 'एसटीटीवाय'ला सांगितले की पुरते. पण ही ओळ ज्याला ठाऊक नाही, त्याला आपली भाषाच यंत्राला मानवत नाही असे वाटते.

आठ, चोवीस, सहा

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिचा देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८ मधील आराखड्यावर बेतलेला होता. त्यामुळे 'लाखांदूर'चे युनिकोडमध्येही आठच घटक राहिले. पुढच्याच वर्षी केन टॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही साठवण पद्धती आखली. टॉम्प्सन हे युनिक्सच्या जनकांपैकी एक, आणि त्यांनीच आपल्या जुन्या समीकरणाला या पद्धतीने मुरड घातली, हे लक्षणीय आहे. यूटीएफ-८मध्ये प्रत्येक देवनागरी घटकाला तीन बाइट लागतात. म्हणून आठाचे चोवीस होतात.

आता 'डब्ल्यूसी' या मोजणी करणाऱ्या आज्ञेला 'वर्ण मोज' असे सांगितले, तर ओळीच्या शेवटची खूण वगळता तिने आठ हे उत्तर द्यावयास हवे. ते ती देतेही, पण भाषाविषयक मांडणी, म्हणजे 'लोकेल', यूटीएफ-८ची असेल तरच. लोकेल 'सी' या मूळच्या निरक्षर स्थितीत असेल, तर हीच आज्ञा, त्याच धारिकेवर, चोवीस म्हणते. क्रमवारीचेही तसेच. 'सी' लोकेलमध्ये शब्द लावले की ते सांकेतिक क्रमांकांच्या क्रमाने लागतात, आणि युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये येतो. मराठी वर्णमालेत 'ळ'चे स्थान 'ह'नंतर, 'क्ष' आणि 'ज्ञ' यांच्या आधी. कोशरचनेत हा किरकोळ भेद नव्हे. मांडणी न पाहता यंत्राकडून लावून घेतलेली सूची मराठी वाचकाला चुकलेली दिसते, आणि चूक कोशकाराच्या माथी बसते.

सहा हा आकडा कोठून येतो? टर्मिनल प्रत्येक घटकाला किती घरे द्यावयाची याचा हिशेब ठेवते. रूढ हिशेबात वर-खाली बसणाऱ्या खुणांना, म्हणजे अनुस्वार आणि उकार यांना, शून्य घर. काना मात्र जागा घेतो म्हणून त्याला एक. चार व्यंजने आणि दोन काने मिळून सहा घरे. टंकलेखन यंत्रावरील अचल कळांचा हा नवा अवतार म्हणावा. पण सर्व प्रोग्रॅम हा हिशेब एकाच रीतीने करीत नाहीत. ज्या प्रोग्रॅमला सहा वाटतात आणि ज्या टर्मिनलला चार वाटतात, त्यांची गाठ पडली की रकाने वाकडे होतात आणि कर्सर एका जागी तर अक्षर दुसऱ्या जागी उमटते.

पुसण्याचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. पूर्वी एकदा पुसले की एक बाइट जाई; यूटीएफ-८मध्ये त्याने अक्षराचे अर्धे प्रेत मागे राही. म्हणून २००४ मध्ये लिनक्सच्या २.६.४ या आवृत्तीत 'आययूटीएफ८' हा पर्याय आला. तो चालू असता एका पुसण्यात पूर्ण घटक जातो. पण घटक म्हणजे अक्षर नव्हे. 'दू' पुसताना आधी दीर्घ उकार जातो आणि 'द' उरावयास हवा. साध्या ओळीत मात्र यंत्र प्रत्येक पुसण्यासरशी एक घर मागे येऊन ते रिकामे करीत आले आहे. उकाराला स्वतःचे घरच नसल्यामुळे पडद्यावरून 'द' पुसला जातो, स्मृतीत मात्र तो शिल्लक असतो. दिसते एक आणि साठते दुसरे. अशी ओळ पुढे पाठविली गेली, तर पाठविणाऱ्याने न पाहिलेला पाठ तयार होतो.

आचार्य आणि आचारी

मराठीची अशी एक खास अडचण आहे, जी हिंदीच्या मापाने आखलेल्या देवनागरीत सहज सुटून जाते. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन शब्द घेऊ. पहिल्यात दक्षिणा गुरूला मिळते, दुसऱ्यात स्वयंपाक्याला. भेद केवळ रफार आणि अर्ध्या 'र'च्या आडव्या खुणेचा. युनिकोडमध्ये दुसरा शब्द लिहिण्याचे दोन मार्ग आहेत : एक नुक्ता असलेला 'र' वापरून, दुसरा साध्या 'र'पुढे हलन्त आणि एक अदृश्य सांधणारी खूण ठेवून. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. पण पहिल्याचे घटक आठ, दुसऱ्याचे नऊ. कमांड लाइनवर एका रूपाचा शोध घेतला तर दुसरे सापडत नाही. त्यातच अनेक टर्मिनले जोडाक्षर घडवीतच नाहीत; ती 'र', हलन्त आणि 'य' सुटे मांडतात. लिनक्सच्या मूळ मजकुरी पडद्यावर तर फाँटमध्ये ५१२ हून अधिक आकार मावत नाहीत आणि आकार जुळविण्याची सोयच नाही. तेथे आचार्य आणि आचारी यांतील भेद ओळखणे वाचकाच्या नशिबावर.

या गोष्टी सुधारत नाहीत असे नव्हे. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाले. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढून 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे निश्चित केली. अर्थात टर्मिनलवर 'लाखांदूर'चा 'ल' मराठी वळणाचा दिसेल की हिंदी, हे फाँटच ठरवितो. आणि २०२३ मध्ये युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीने आपल्या नियमांत अशी दुरुस्ती केली की, देवनागरी जोडाक्षर हा एकच अखंड गट मानला जावा. म्हणजे आपल्या पिंगलकारांनी ज्याला अक्षर म्हटले, त्याच्या जवळपास संगणकशास्त्र पोहोचण्यास २०२३ साल उजाडावे लागले. तरीही प्रत्येक टर्मिनल हा नियम पाळू लागले आहे, असे म्हणता येणार नाही.

मांडणी कोणाच्या हाती

लाखांदूर हे भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुक्याचे गाव. चुलबंद नदी या तालुक्यातून वैनगंगेकडे जाते आणि वैनगंगेपलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात, झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र असलेले वडसा आहे. हा सारा झाडीबोलीचा प्रदेश. तिचा अभ्यास आणि शब्दसंकलन यांत साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांचे काम पायाभूत मानले जाते. या बोलीत 'ण'च्या जागी 'न' येतो आणि 'ळ'च्या जागी 'र'. डोळा हा 'डोरा' होतो. म्हणजे वर ज्या 'ळ'च्या क्रमाचा वाद आम्ही सांगितला, तो झाडीबोलीच्या शब्दसूचीत फारसा उद्भवणार नाही. उलट प्रमाण मराठीचे नियम बसविलेले साधन 'डोरा'ला चूक ठरवून 'डोळा' किंवा 'दोरा' सुचवू शकते. लोकेलच्या यादीत मराठीची नोंद भारतापुरती एकच आहे, आणि तीत वैनगंगेच्या काठाला वेगळी जागा नाही.

येथेच आम्हांस या विषयाचे गांभीर्य दिसते. झाडीपट्टीतील नाटकांच्या संहिता, म्हणी, गाणी आणि बोलीतील कथने टंकून ठेवण्याचे काम पुढे जाईल, तेव्हा त्यांवर शब्दमोजणी, क्रमवारी आणि पाठभेद पाहण्याची कामे होतील, आणि ती करण्याची सर्वांत स्वस्त साधने कमांड लाइनवरचीच असतील. त्यांना परवाना लागत नाही आणि जुना संगणकही चालतो. परंतु ती साधने आपण होऊन मराठी जाणत नाहीत. त्यांना ती जाणीव करून द्यावी लागते. लोकेल यूटीएफ-८ आहे ना, आठ बिटे जातात ना, पुसण्याचे एकक घटक आहे ना, अर्धा 'र' एकाच रीतीने लिहिला आहे ना, इतके चार प्रश्न आरंभीच विचारून घेतले, तर पुढच्या अनेक चुका टळतील.

पाठचिकित्सा शिकविताना आपण विद्यार्थ्याला लेखनिकाच्या सवयी ओळखावयास शिकवितो. अमुक लेखनिक 'व' आणि 'ब' यांत गफलत करतो, अमुक पोथीत अनुस्वार गळतात, हे ठाऊक असल्याखेरीज पाठनिश्चिती होत नाही. टर्मिनल हाही एक लेखनिकच आहे, आणि त्याच्या सवयी मॉडेल ३३च्या काळात घडलेल्या आहेत. अन्य लेखनिकांहून तो एका बाबतीत बरा : आपल्या सवयींची पूर्ण यादी तो विचारताच देतो, आणि सांगितल्यास त्या बदलतोही. ही यादी वाचण्याचे शिक्षण संगणकाच्या वर्गापुरते न ठेवता मराठीच्या वर्गातही द्यावे, असे आम्ही सुचवितो. 'लाखांदूर' किती लांब आहे, या प्रश्नापासून त्या तासाचा आरंभ करता येईल.